प्रॅक्टिसला ६२०, स्पर्धेला ५८०: आर्चरीची मानसिक आणि शारीरिक तयारी कशी करून घ्यायची?

सिंहगडरोडवाली
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतीये तेव्हा सांभाळून घ्या. लेक रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य) करते, यंदा बारावीला आहे (हो, माहितीये, नातेवाइकांचं सगळं ऐकून झालंय) आणि आता ज्युनिअर गटात गेल्यामुळे ६० मीटरवरून ७० मीटरवर आलीये. क्लबवर ७२ बाणांची राउंड मारली की ६१५-६२० येतात. स्पर्धेत तीच मुलगी, तोच बो, तेच बाण आणि स्कोअर ५८० च्या आसपास. पहिल्या दोन एंडमध्येच (सहा बाणांची एक खेप म्हणजे एंड) वाट लागते, मग पुढे सावरते पण तोवर गेलेले पॉइंट गेलेले असतात. हात थरथरतो म्हणते, क्लिकर (पुरेसं ओढलं की 'टक' वाजणारी बोवरची पत्ती) पडतच नाही म्हणते, घड्याळाकडे बघते आणि मग कसातरी बाण सोडून देते.

स्टेटला दीड महिना आहे. तिचे सर चांगले आहेत पण तीस मुलांमागे एकटे, त्यांना तरी किती छळायचं. घरी आम्ही दोघंही खेळातले नाही, नवरा क्रिकेट बघतो तेवढंच. तर व्यायाम, डोकं शांत ठेवणं, खाणं, आमचं वागणं, सगळ्यावर बोला. आणि एका नात्यातल्या डॉक्टरांनी सुचवलंय की स्पर्धेआधी छाती धडधडू नये म्हणून एक छोटी गोळी मिळते, परीक्षेलाही मुलं घेतात. ते द्यावं का?

डॉ_घरगुती
बाकीचं नंतर वाचतो, आधी गोळीचं. अजिबात देऊ नका. तुम्ही म्हणताय ती बहुतेक प्रोप्रानोलॉल असणार, म्हणजे बीटा ब्लॉकर. नाडी खाली येते, हाताची थरथर कमी होते, आणि नेमकं म्हणूनच तिरंदाजीत त्यावर बंदी आहे. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) यादीत बहुतेक खेळांना बीटा ब्लॉकर चालतात, ज्या थोड्या खेळांना चालत नाहीत त्यातही बहुतेकांना बंदी फक्त स्पर्धेपुरती असते. आर्चरी आणि शूटिंगला स्पर्धेबाहेरसुद्धा आहे. म्हणजे घरी बसून घेतली तरी सापडलात तर सापडलात. सुचवणाऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट नसणार, आम्हाला हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. मायग्रेनसाठी पण हीच गोळी सर्रास देतात, तेव्हा पुढे कधीही कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य "ही स्पर्धात्मक आर्चरी करते" हे असू दे. खरंच वैद्यकीय गरज असेल तर त्यासाठी सूट मागायची रीतसर पद्धत आहे, पण ती आधी मागायची असते. सर्दीच्या गोळ्यांचंही बघा, स्यूडोएफेड्रीन असलेल्या स्पर्धेच्या दिवसांत नकोत.

सिंहगडरोडवाली
बापरे. बरं झालं विचारलं. गोळीचा विषय बंद.

खवचट_पेठी
एवढी चर्चा कशाला, अर्जुनाला विचारा. पक्षी दिसत नाही, झाड दिसत नाही, फक्त डोळा दिसतो. झालं. धागा संपला.

बाणप्रस्थ
खवचटराव, त्याच गोष्टीने आमच्या पोरांचं वाटोळं केलंय! सगळे टार्गेटच्या मधल्या पिवळ्या गोलाकडे टक लावून बसतात आणि मागचा खांदा झोपतो. ७० मीटरवर टार्गेट १२२ सेंटिमीटरचं, त्यातला दहाचा गोल १२.२ सेंटिमीटर, साइटची (बोवरचं नेम धरायचं साधन) पिन त्यावर स्थिर राहतच नाही, कुणाचीच राहत नाही, ऑलिंपिकवाल्यांचीही तरंगते. ती तरंगू द्यायची आणि आपण मागे पाठ ओढत राहायचं. पिन अगदी मधोमध आली की सोडू म्हणणारा कायम उशिरा सोडतो.

ताई, आता तुमच्याकडे येतो, जरा लांबण लागेल. निवृत्तीनंतर सकाळी मुलांना शिकवतो त्यामुळे वेळ आहे आणि बोलायची खोडही.

पहिली गोष्ट, ह्याला लगेच "मेंटल" म्हणू नका. ६० वरून ७० वर येताना मुलांचं पाउंडेज (बो ओढायला लागणारा जोर) वाढवतात, नाहीतर बाण पोचायला साइट इतकी खाली घ्यावी लागते की पंचाईत होते. तुमच्या मुलीचं ह्या वर्षी वाढलंय का? असेल तर गणित करा. समजा ४० पाउंड, म्हणजे साधारण १८ किलो. ७२ वेळा ओढायचे, म्हणजे १३०० किलो. त्यात सरावाचे बाण धरलेले नाहीत, आणि ओढून बो खाली घेतला, परत ओढला, तेही धरलेलं नाही. दर एंडला १४० मीटर चालणं, बारा एंडचे पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, डोक्यावर ऊन. क्लबवर हे ती गप्पा मारत, मध्ये सावलीत बसून करते. स्पर्धेत धाकधूक असली की प्रत्येक बाण दोन सेकंद जास्त धरला जातो, आणि त्या दोन सेकंदांची ताकद अंगात नसेल तर क्लिकर पडणारच कसा? मग हात थरथरतो, मग पोरगी म्हणते मी घाबरले. खरं म्हणजे आधी खांदा दमला आणि भीती मागून आली.

म्हणून माझ्याकडे सगळ्यांना होल्डिंग करायला लावतो. बाण न सोडता फुल ड्रॉ (बो पूर्ण ओढायचा), अँकर (ओढलेला हात हनुवटीखाली ठरल्या जागी टेकवायचा), पाठीत धरायचं, तीस सेकंद, मग एक मिनिट विश्रांती, परत. (स्ट्रिंग रिकामी कधीही सोडायची नाही, लिंब, म्हणजे बोच्या वरखालच्या वाकणाऱ्या पट्ट्या, फुटतात. आणि बोटातून चुकून निसटली तर दुर्घटना नको म्हणून दंडाला पट्टा बांधून तो स्ट्रिंगला अडकवायचा.) सुरुवातीला वीस सेकंदातच सगळे तोंड वाकडं करतात. आठवड्यात तीनदा पुरे, आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात बंद.

स्नायू_ताई
बाणप्रस्थ काकांना +१, फक्त फिजिओ म्हणून थोडी भर. होल्डिंग करताना खांदा वर कानाकडे चढला तर तो सेट तिथेच थांबवायचा, सेकंद पुरे करायच्या नादात चुकीचंच पक्कं होतं. माझ्याकडे येणाऱ्या आर्चर्सची तक्रार जवळजवळ ठरलेली, ओढणाऱ्या हाताच्या खांद्याचा पुढचा भाग दुखतो. कारण दंडाने ओढतात, पाठीचा फरा मागे जातच नाही. रबर बँड घेऊन रोज घरी: कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवणं, पालथं झोपून दोन्ही हात वाय अक्षरासारखे वर उचलणं, भिंतीला हात टेकून फरे मागे-पुढे करणं. वजन वाढवायची घाई नको. हे छोटे स्नायू आहेत, त्यांना रोजची थोडीथोडी सवय लागते.

आणि दुसऱ्या बाजूने पण ओढायला लावा हो! उजव्या हाताने ओढणाऱ्या मुलींची पाठ बघितली की कळतं, एक बाजू भरलेली आणि एक सपाट. हलका बँड घेऊन डाव्याने तेवढेच रेप्स.

पायांना कुणी विचारतच नाही. प्लँक, एका पायावर उभं राहणं, स्क्वॉट. वाऱ्यात उभं राहायचं म्हणजे पोट आणि मांड्या लागतात. पळणं आठवड्यातून तीनदा, धापा टाकत नाही, बोलता येईल इतक्या वेगाने. ते कशाला, तर चालून परत लाइनवर आल्यावर नाडी पटकन खाली यायला हवी.

दुखत असेल तर मात्र व्यायाम थांबवून आधी कुणालातरी दाखवा, इथे विचारत बसू नका.

बाणेदार
मी कंपाउंडवाला (टोकांना चाकं असलेलं धनुष्य), त्यामुळे रिकर्व्हवाले मला आर्चर समजतच नाहीत, तरी बोलतो. (२०२८ ला लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिक्स्ड टीम ऑलिंपिकमध्ये आहे बरं का, आता तरी मान द्या.)

ताई एक प्रश्न. प्रॅक्टिसचे ६२० हा तिचा सरासरी स्कोअर आहे की बेस्ट? कारण आपल्याकडे सगळे बेस्ट सांगतात. सरासरी ६०० असेल तर ५८० हा काही मोठा घोळ नाही, ७२ बाणांत २० पॉइंट म्हणजे साडेतीन बाणांमागे एक. अपेक्षाच जर ६२० ची घेऊन लाइनवर उभं राहिलं तर दुसऱ्या एंडपासून वजाबाकी सुरू होते डोक्यात.

सिंहगडरोडवाली
@बाणेदार अगदी वर्मावर बोट. लेकीला विचारलं. सरासरी ६०४-६०५ निघाली, वहीत आहे सगळं. ६२० दोनचार वेळाच आलेत. मी सगळ्यांना ६२० च सांगत होते 🙈
@बाणप्रस्थ काका, हो, पाउंडेज वाढलंय, ३४ वरून ३८, उन्हाळ्यात. होल्डिंग तिने कधी केलेलंच नाही म्हणे.

क्लिकर_कटकट
मी स्टेटपर्यंत खेळलोय, आता नोकरी, हिंजवडी, जास्त सांगत नाही. पण "क्लिकर पडतच नाही आणि मग कसातरी सोडून देते" हे वाचून अंगावर काटा आला, कारण ह्यातून मी पूर्ण एक सीझन गेलोय. ताई, हे लवकर आवरा. टार्गेट पॅनिक म्हणतात ह्याला. घाबरट लोकांनाच होतं असं काही नाही, उलट जास्त मन लावून खेळणाऱ्यांना जास्त होतं असं माझं निरीक्षण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लिकर म्हणजे बोवर लावलेली पातळ पत्ती, बाण तिच्याखाली असतो, पुरेसं ओढलं की बाणाचं टोक पत्तीखालून निसटतं आणि 'टक' आवाज येतो, त्या आवाजावर सोडायचं. शेवटचे दोनतीन मिलिमीटर असतात फक्त. ते ओढलेच जात नाहीत. अक्षरशः. पिन पिवळ्यात आली की अंग लाकूड होतं, डोकं म्हणतं ओढ आणि पाठ ऐकत नाही. मग आपण हनुवटी पुढे करून, मनगट वाकवून, काहीतरी चोरून क्लिकर पाडतो. कधी पत्ती पडायच्या आधीच बोटं उघडतात. आणि हे रिकाम्या बटवर (ज्यात बाण रुततात तो ठोकळा) होत नाही! कागद लावला की होतं. यावरून कळतं की हाताला काही झालेलं नाही.

मला ज्याने फरक पडला ते सांगतो. टार्गेटचा कागदच काढून टाकला. पाच मीटरवर उभं राहायचं, समोर नुसतं बट, सेटअप करून डोळे मिटायचे आणि फक्त क्लिकरची वाट बघायची. कुठे लागला हे बघायचंच नाही, काय जाणवलं ते बघायचं, की आवाज आला तेव्हा कोपर मागे चाललं होतं का थांबलं होतं. रोज सत्राचे पहिले आणि शेवटचे बाण असेच. मग कागद लावला पण दहा मीटरवर, इतका मोठा दिसतो की चुकायची भीतीच नाही, मग पंधरा, वीस, असं हळूहळू मागे सरकायचं. ज्या अंतरावर परत लाकूड व्हायला लागलं तिथून एक टप्पा पुढे यायचं. ७० ला परत यायला मला बरेच आठवडे लागले, मित्र हसायचे वीस मीटरवर काय मारतोय म्हणून.

दुसरं एक, ड्रॉ करून बो खाली घेण्याचा सराव. ऐकायला बावळट वाटेल. पण "नाही जमत, परत सुरू करू" हे शरीराला येत नसेल तर स्पर्धेत प्रत्येक वाईट बाण सोडलाच जातो. सरांना सांगा, प्रत्येक एंडमध्ये एक बाण मुद्दाम उतरवायला लावा, न सांगता, मागून "खाली" म्हणायचं.

बाणप्रस्थ
शाब्बास. हे शेवटचं मी आमच्याकडे उद्यापासून सुरू करतो.

खवचट_पेठी
आता खरंच विचारतो. एकलव्याने अंगठा दिला, पण आमच्या शेजारची मुलगी तीन बोटांनी ओढते, अंगठा लागतच नाही. मग द्रोणाचार्यांनी घेतलं काय?

बाणेदार
हाहा. रिकर्व्हला तर्जनी, मधलं, अनामिका, बरोबर. पण आशियातल्या जुन्या पद्धतींत, मंगोल, तुर्क, कोरियन पारंपरिक, अंगठ्यानेच ओढतात, अंगठी घालून. तेव्हा गुरुदक्षिणा महागच होती. अवांतर थांबवा आता.

मुठाकाठचा
मी आर्चर नाही, ढोल-ताशा पथकात आहे, पण आमच्या नदीपात्रातल्या सरावाला गेल्या वर्षी दोन मुलं आणि त्यांचे कोच आले होते. म्हणे आम्हाला तुमच्या आवाजात उभं राहायचंय. बाण नाही मारले, नुसता बो ओढून धरायचे आणि उतरवायचे, आमचा टोल पडला की दचकायचे. तासाभराने दचकणं बंद. आम्हालाच हसू येत होतं आधी.

क्लिकर_कटकट
@मुठाकाठचा हसू नका, कोरियावाले हेच करतात, भरलेल्या बेसबॉल स्टेडियममध्ये नेऊन मुलांना मारायला लावतात. पॅरिस ऑलिंपिकच्या आधी तर त्यांनी आपल्या ट्रेनिंग सेंटरवर ऑलिंपिकच्या मैदानाची हुबेहूब नक्कल उभारली होती. आपल्याकडे स्टेडियम नाही पण ढोल आहेत की!

साताऱ्याची_सून
कोरिया कशाला, घरचं उदाहरण घ्या की. ऑगस्ट २०२३, बर्लिनची वर्ल्ड चॅम्पियनशिप, अदिती स्वामी १७ वर्षांची, फायनल १४९-१४७ ने जिंकली. त्याच दिवशी ओजस देवतळे, फायनलला १५० पैकी १५०, समोरच्याचे १४९. दोघंही साताऱ्यात एकाच सरांकडे तयार झालेले, उसाच्या शेताशेजारच्या मैदानावर. आणि सरडे गावचा प्रवीण जाधव, पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटला तयार झाला, टोकियो ऑलिंपिकला जगातल्या दोन नंबरच्या खेळाडूला ६-० हरवून आला. हे सगळे पाऊस, वारा, एसटी ह्यातूनच गेलेत.

बाणेदार
टोकियोवरून आठवलं, तिथे टीव्हीवर तिरंदाजांची नाडी दाखवायचे. महिलांच्या फायनलला शूट-ऑफमध्ये, एकच बाण, कोरियाच्या आन सानची नाडी ११८ आणि रशियाच्या ओसिपोवाची १६७. आन सानने दहा मारला, समोर आठ. हे सांगायचं कारण, ११८ म्हणजे पण शांत नाहीये हो! बसल्याजागी आपली ७०-७५ असते. धडधड सुवर्णवालीलाही होतीच. "घाबरू नकोस" हे वाक्य घरातून हद्दपार करा, धडधड होणारच, ती घेऊन मारायचं. आमच्याकडे एक करतात, पन्नास मीटर पळून यायचं आणि लगेच लाइनवर उभं राहून वीस सेकंदांत एक बाण. धडधडत्या छातीने क्लिकर पाडायची सवय लागते. वीस सेकंद का, तर पुढे समोरासमोरच्या मॅचेसमध्ये आळीपाळीने मारताना तेवढेच मिळतात.

बाणप्रस्थ
हे चांगलं आहे पण पळून आल्यावर दम पूर्ण सोडून मगच बो उचलायचा, नाहीतर पोरं धापा टाकत ओढतात. माझा एक साधा क्रम आहे: श्वास आत, अर्धा बाहेर, बो वर, ओढताना परत आत, अँकरला थोडा सोडून तिथेच थांबायचा. आणि प्रत्येक बाणाला तोच क्रम, पहिल्यालाही आणि बहात्तराव्यालाही. काही मुलं मनात एक शब्द म्हणतात. एक पोरगा "पाठ" म्हणतो, एक मुलगी "चल" म्हणते. काहीही चालेल, फक्त "दहा" नको.

मॅचचं मात्र मुलीला वेगळं समजावा. रिकर्व्हला तीन बाणांचा सेट, जिंकला की दोन पॉइंट, बरोबरी एक, सहा झाले की जिंकलात. म्हणजे एका सेटमध्ये सहा मारून दाणादाण उडाली तरी पुढचा सेट शून्यापासून. ७२ बाणांत चुकीचं ओझं शेवटपर्यंत वाहावं लागतं, मॅचमध्ये नाही. पॅरिसची पुरुषांची फायनल बघायला लावा तिला, ५-५, शूट-ऑफला कोरियाचा किम वूजिन आणि अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन दोघांचे दहा, मधल्या बिंदूपासूनच्या अंतरात फरक ४.९ मिलिमीटर, किम जिंकला. एलिसनने नंतर हसत त्याचा हात वर केला.

सिंहगडरोडवाली
वाचतीये, वहीत लिहून पण घेतीये. एक विचारायचं राहिलं, आम्ही काय करायचं? मी स्कोप (दुर्बीण) लावून बसते आणि प्रत्येक बाण नवऱ्याला सांगते. लेक म्हणाली "आई तुझं तोंड बघूनच मला कळतं कुठे लागला".

क्लिकर_कटकट
स्कोप घरी ठेवा. मनापासून सांगतोय. माझे बाबा लाइनच्या मागे येरझाऱ्या घालायचे, मला न बघता पावलांवरून कळायचं आठ लागला की सहा. शेवटी आईने त्यांना पार्किंगमध्ये वर्तमानपत्र देऊन बसवलं.

स्नायू_ताई
आणि दोन एंडमध्ये पाणी, थोडी चिक्की किंवा केळं हातात द्या, सल्ला नको. सकाळी नेहमीचंच, पोहे तर पोहे, स्पर्धेच्या दिवशी नवीन काही खायला लावू नका. कॉफी ज्यांना सवय नाही त्यांना अजिबात नको, हात थरथरतो. आदल्या रात्री झोप लागत नाही, ते चालतं, त्याच्या आधीच्या दोन रात्री नीट झोपू द्या. बारावीची पुस्तकं त्या दोन रात्री कपाटात.

बाणप्रस्थ
राउंड आठवड्यातून एकदा स्पर्धेसारखी मारायला लावा. शिट्टी, घड्याळ, पूर्ण युनिफॉर्म, शेजारी अनोळखी मुलं असली तर उत्तम, दुसऱ्या क्लबवर जा हवं तर, कुणी नाही म्हणत नाही. सुरुवातीचे सरावाचे बाण स्पर्धेत मिळतात तेवढेच, मग लगेच स्कोअर. पहिल्या दोन एंडचा घोळ इथेच सुटतो, कारण क्लबवर मुलं पन्नास बाण मारून गरम झाल्यावर राउंड सुरू करतात आणि म्हणतात ६२० आले. आणि दुपारी मारायला लावा, पुण्यात सकाळी वारा नसतो, दुपारनंतर पश्चिमेकडून सुटतो, तेव्हा पिन कुठे धरायची हे सकाळच्या प्रॅक्टिसमध्ये कधी कळणारच नाही.

सिंहगडरोडवाली
काका, खूप आभार. सगळ्यांचेच. सरांशी बोलले, त्यांनी होल्डिंग आणि कोऱ्या बटवरचं दोन्ही मान्य केलं, उलट म्हणाले घरून कुणी लक्ष देणार असेल तर बरंच. रविवारी स्पर्धेसारखी राउंड, नवरा शिट्टी मारणार आहे, मी घरी. शेवटचं एक, क्लबमधल्या एका पालकांनी सुचवलं की स्टेटच्या आधी दोन पाउंड आणखी वाढवा, वाऱ्यात बाण सरळ जातो. लिंब बोल्ट फिरवला की होतं म्हणे. करू का?

बाणप्रस्थ
नको. ३८ च अजून तिच्या अंगवळणी पडलेले नाहीत. उलट होल्डिंगला तीस सेकंद टिकत नसेल तर बोल्ट दुसऱ्या बाजूला फिरवून एखादा पाउंड कमी करा, बो परत ट्यून करून घ्या आणि साइट मार्क नव्याने लिहून घ्या, ते सरांसमोरच, आणि ह्याच आठवड्यात. स्टेटच्या आधीच्या पंधरा दिवसांत धनुष्याला कुणी पाना लावायचा नाही.

खवचट_पेठी
नवऱ्याने शिट्टी मारल्यावर काय झालं ते पण लिहा.